अनवाणी कॅप्टन

१

मालकीणबाईंनी वर्तमानपत्र टेबलावर आपटलं असतं तर नानांना बरं वाटलं असतं. त्यांचा राग नानांच्या ओळखीचा होता. चहाचा कप येईपर्यंत तो ओसरायचा. पण आज त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, कडा जुळवल्या आणि ते हळूच नानांच्या पुढ्यात ठेवलं.

"तिसरं पान," त्या म्हणाल्या. "कावळा."

'कावळा' हे सदर सगळेच वाचत आणि वाचत नसल्याचं सांगत. दूरचित्रवाणीच्या जगातल्या कुजबुजी त्यात यायच्या. निम्म्या खोट्या असायच्या, आणि उरलेल्या निम्म्यांनी कुणाची तरी झोप उडायची. नानांनी नीट दिसत असूनही चष्मा पुसला आणि वाचलं:

"डोळे पुसा, मंडळी! 'ध्रुवापलीकडे'च्या शेवटच्या भागात आपली कॅप्टन परत येते आहे. अनवाणी पायांनी, डावा हात धातूचा, आणि पाठीमागे जळतं जहाज. कावळ्याने पाहिलं नाही, पण ज्याने पाहिलं त्याच्याकडून ऐकलं आहे."

नानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

'ध्रुवापलीकडे' ही मालिका घराघरांत पाहिली जात होती. अंतराळात भरकटलेलं एक मालवाहू जहाज, त्यातली भांडखोर माणसं, आणि त्या सगळ्यांना घरी न्यायचं वचन देऊन बसलेली त्यांची कॅप्टन, अशी ती गोष्ट. काही भागांपूर्वी ही कॅप्टन मेली होती आणि लोकांनी सुतक पाळावं तशी तोंडं केली होती. ती परत येणार हे बोटांवर मोजण्याइतक्यांनाच ठाऊक होतं. मालिकेवरची कादंबरी मालकीणबाईंच्या प्रकाशनसंस्थेकडून निघणार होती, जिथे नाना संपादक होते, शेवटचा भाग दाखवल्याच्या दुसऱ्या दिवशी. अशी पुस्तकं पटकथेवरून लिहितात, म्हणजे पडद्यावर गोष्ट संपण्याच्या कितीतरी आधी ती लेखकाच्या टेबलावर संपलेली असते. म्हणूनच सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलेलं होतं.

"कुलूप तुमच्याकडूनच उघडलंय," कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला. वाहिनीचे साहेब तिथे बसले होते. त्यांच्यापुढचा चहा तसाच होता, म्हणजे प्रकरण खरंच गंभीर होतं. "अनवाणी! पटकथेत पायांचा शब्द नाही. चित्रीकरणात ती कमरेपासून वरच दिसते. अनवाणी ती कुठे आहे? फक्त तुमच्या कादंबरीत. तुमच्या लेखिकेने केलंय तिला अनवाणी."

"पण म्हणून तिनेच—" नाना म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे अर्ध्यावर थांबले.

"मला वर उत्तर द्यायचंय, नाना. वरच्यांना एक माणूस लागतो. पुस्तक छापा, करारच आहे. पण तिचं नाव जाणार नाही. 'मालिकेच्या लेखकवर्गाकडून' एवढंच छापा. मुखपृष्ठ आज संध्याकाळी छपाईला जातंय ना?"

मालकीणबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं, आणि याचा अर्थ होकार असा होतो हे नाना जाणून होते.

लेखिका इतकी वर्षं अशी पुस्तकं लिहीत आली होती. पोलिसांच्या मालिका, भुतांच्या मालिका, सासू-सुनांच्या मालिका. सगळ्यांवर मालिकेचं नाव मोठं आणि लेखकाचं नाव नाही. या वेळी पहिल्यांदा करारात तिचं नाव घालून घेतलं होतं, तेही नानांनी. आयुष्यात फार कमी वेळा नानांनी हट्ट धरला होता. हा त्यांतला एक.

"संध्याकाळपर्यंत मला वेळ द्या," नाना म्हणाले, आणि आपणच हे बोललो याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

"तुम्ही काय करणार?" साहेबांनी विचारलं.

"ते मलाही अजून ठाऊक नाही," नाना खरं ते बोलले.

२

लेखिकेच्या स्वयंपाकघरातलं टेबल हेच तिचं कार्यालय. एका बाजूला भाजी चिरलेली, दुसऱ्या बाजूला पटकथेची चळत, मधोमध संगणक. तिने सकाळीच 'कावळा' वाचला होता. नानांना खुर्ची देऊन ती पुन्हा भाजी चिरू लागली.

"मला विचारायला आलात की सांगायला?" तिने विचारलं.

"विचारायला. म्हणजे, तुमची हरकत नसेल तर."

"विचारा की. संशयिताची हरकत कोण ऐकतो?" ती हसली, पण सुरी जरा जोरात चालली. "मी कुणाला सांगितलं नाही, नाना. सांगायचं तरी कुणाला? घरी सगळ्यांना वाटतं मी टायपिंग करते."

"शेवटचं प्रकरण कोणी कोणी वाचलं?"

"मी लिहिलं. तुम्ही वाचलंत. मालकीणबाईंनी. वाहिनीच्या साहेबांनी, म्हणजे निदान शिक्का मारला. आणि चित्र काढायचं म्हणून तुमच्या मित्राने, चित्रकाराने."

म्हणजे पाच जण, आणि त्यांत नाना स्वतः. त्यांनी मनाशी स्वतःची उलटतपासणी घेतली. हस्तलिखित घरी नेलं होतं का? नेलं होतं. कुठे विसरलं होतं का? नाही. खात्री? नानांना स्वतःच्या कुठल्याच गोष्टीची खात्री कधी नसे, पण हस्तलिखित ते उशाशी घेऊन झोपले होते, एवढं नक्की.

"एक विचारू? अनवाणी का केलंत तिला?"

"जहाज सोडून दोन ग्रह पायी तुडवत आलेली बाई. कुठले बूट टिकतील?" लेखिका म्हणाली. "पटकथा लिहिणाऱ्यांना बूट फाटतात हे माहीत नसतं. त्यांच्यासाठी माणूस दारातून आत येतो, संपलं. पण मला ते दार ओलांडायचं होतं तिच्याबरोबर." तिने हात पुसले, चळतीतून शेवटची पानं काढली आणि वाचली. "'फरशी गार होती. तिने उजवा तळवा बंद दारावर ठेवला. धातूला धातू लागला, आणि ज्या दाराने सगळ्यांना नाकारलं होतं ते तिच्यासाठी उघडलं.'"

तिने पानं टेबलावर ठेवली.

"चांगलं आहे," नाना म्हणाले. पहिल्यांदा वाचलं तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते. आतून बरंच काही उचंबळून यायचं, पण तोंडापर्यंत येईस्तोवर त्यातलं 'चांगलं आहे' एवढंच शिल्लक राहायचं.

"नाव गेलं तर जीव जाणार नाही माझा," लेखिका पानं सरळ करत म्हणाली. "पण मग मी लिहिणार नाही, नाना. रागाने नाही सांगत. एवढी वर्षं वाटायचं, आपण गप्प बसून नीट काम केलं की कुणीतरी कधीतरी विचारील, हे कुणी लिहिलं? आता विचारलं, तर ते असं. चोर म्हणून."

नानांना धीर द्यायचा होता. त्याऐवजी त्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

"उजवा," ते म्हणाले.

"काय?"

"तुमच्या कॅप्टनचा उजवा हात धातूचा आहे." त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. "कावळा डावा म्हणतोय."

"घाईत चुकला असेल."

"असेलही. माझंच चुकत असेल," नाना उठत म्हणाले. "पण ज्याने हे प्रकरण वाचलं तो हात विसरेल का? दार त्या हातानेच तर उघडतं."

३

चित्रकार नानांचा शाळेपासूनचा मित्र. जगात नानांना 'नान्या' म्हणणारा आता तो एकटाच उरला होता.

"ये, नान्या! मला पकडायला आलास ना? हातकड्या आणल्यास का?"

"तुला कसं कळलं?"

"मालकीणबाईंचा फोन आला होता. 'तुम्ही कुणाला चित्र दाखवलंत का?' अरे, माझं चित्र मागूनसुद्धा कुणी बघत नाही, मी फुकट कुणाला दाखवू?" त्याने लाकडी घोड्यावर टेकवलेल्या चित्रावरचं फडकं ओढलं. "घे, बघ. मूळ इथेच आहे. उंबऱ्याबाहेर पडलेलं नाही."

नानांनी पाहिलं. जळत्या जहाजापुढे ती उभी होती. पाय अनवाणी, धुळीने माखलेले. चेहरा डावीकडे वळलेला. आणि उजवा हात कोपरापासून धातूचा.

उजवा!

नानांची मान खाली गेली. त्यांची आशा अशी होती की चित्रकाराने हात चुकवला असेल, आणि कुणीतरी केवळ चित्र पाहिलं असेल. पण हा गडी चुकला नव्हता.

"तोंड का पाडलंस? वाईट आहे का?"

"नाही रे. चांगलं आहे."

"'चांगलं आहे!' पन्नास वर्षं ऐकतोय. एक तरी शिवी दे." चित्रकाराने ब्रश फडक्यावर पुसला. "आणि काय उपयोग चांगलं असून? तुमच्या त्या मुखपृष्ठ लावणाऱ्या मिनिटाने वाट लावलीच ना. मी तिला डावीकडे बघायला लावली. ती जहाज सोडून मागे बघतेय, आपल्या मेलेल्या माणसांकडे. त्यात अर्थ आहे! आणि तो म्हणतो, मुखपृष्ठावरचा माणूस पुस्तकाच्या पाठीकडे बघत असला तर पुस्तक विकत नाही, त्याने उघडायच्या बाजूला बघितलं पाहिजे. अन् माझ्याकडे न बघता एक कळ दाबली त्याने."

"कसली कळ?"

"उलटं केलं चित्र! आरशात बघावं तसं. मी ओरडत राहिलो. नान्या? ए नान्या, छत्री राहिली तुझी!"

पण नाना जिन्यावर पोचले होते.

४

पुस्तकाची पानं आणि मुखपृष्ठं लावणाऱ्या गृहस्थाचं नाव कार्यालयात कुणी घेत नसे. कुणीही काहीही विचारलं की तो "एक मिनिट" म्हणायचा, म्हणून तो सगळ्यांचा मिनिट. चाळिशी उलटलेला, स्वभावाने सज्जन, आणि पुस्तकांच्या बाबतीत ठाम. तो पुस्तकं लावायचा, वाचायचा नाही.

"वाचायला लागलो तर लावून कधी होणार, नाना?" असं त्याचं म्हणणं.

त्याच्या भिंतीवर मुखपृष्ठाचा नमुना टाचलेला होता. नाना त्याच्यापुढे उभे राहिले. कॅप्टन आता उजवीकडे बघत होती. आणि धातूचा हात होता डावा.

"मिनिट, हा हात..."

"एक मिनिट." त्याने जवळ येऊन पाहिलं. "मग? हाताला काय झालं?"

"उजवा हवा होता."

मिनिटाचा चेहरा पडला. "अरे देवा. उलटं केल्यावर हातही... नाना, शपथेवर सांगतो, माझ्या डोक्यातच आलं नाही. चेहरा तेवढा बघितला मी."

"तुझं नाही, माझं चुकलं. या नमुन्यावर पहिली सही माझी आहे." आणि ते खरंच होतं. नानांनी शीर्षकातली अक्षरं तपासली होती, चित्र नाही. क्षणभर त्यांना वाटलं, आपण आता निवृत्तच व्हावं. मग त्यांचं लक्ष चित्राच्या खालच्या भागाकडे गेलं, आणि आणखी एक धक्का बसला.

कॅप्टनला पाय नव्हते.

म्हणजे होते, पण ते शीर्षकाच्या काळ्या पट्टीखाली झाकले गेले होते. या मुखपृष्ठावरून ती अनवाणी आहे की बूट घालून, हे कुणालाही सांगता आलं नसतं.

नाना स्टुलावर बसले. पत्त्यांचा बंगला कोसळला होता. ज्याने कादंबरी वाचली किंवा मूळ चित्र पाहिलं, त्याला ती अनवाणी आहे हे कळलं असतं, पण त्याने हात उजवा सांगितला असता. ज्याने हे मुखपृष्ठ पाहिलं तो डावा हात सांगेल, पण पाय त्याला दिसणारच नाहीत. आणि कावळ्याला तर दोन्ही ठाऊक होतं.

"पाणी देऊ?" मिनिटाने घाबरून विचारलं.

"मिनिट, नीट आठव. उलटं केलेलं, पण पट्टी नसलेलं चित्र कुठे आहे का?"

"एक मिनिट." या वेळी त्याला खरंच तेवढा वेळ लागला. मग तो कपाटाकडे गेला. "चेहऱ्याच्या मंजुरीसाठी पाठवलं होतं ना! नटीचा चेहरा छापायचा तर तिची सही लागते. वाहिनी म्हणाली, अक्षरं नकोत, नुसतं चित्र पाठवा. सही होऊन परत आलंय."

त्याने चित्र पुढे केलं. कॅप्टन, उलटी. डावा हात धातूचा. पाय मोकळे, अनवाणी, धुळीने माखलेले. कागदाच्या मागच्या बाजूला नटीची सही, पळत्या माणसाने केल्यासारखी.

नानांनी ते चित्र खिडकीपाशी नेलं. चारही कोपरे मऊ पडले होते. कडेला अंगठ्यांचे ठसे होते, एकाचे नव्हे, लहानमोठे अनेकांचे. पाकिटातून एकदा बाहेर येऊन सही होऊन परत गेलेलं चित्र असं दिसत नाही. हे चित्र हातोहात फिरलं होतं.

"तू दिलंस तेव्हा असं होतं?"

"छे! मी तर कडक पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून, चिकटवून वाहिनीत पाठवलं. नाना, झालंय काय?"

"लेखिका निर्दोष आहे," नाना म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "पण आता दुसरं कुणीतरी अडकणार."

५

वाहिनीच्या कार्यालयातल्या बाईंनी फोनवर सरळ सांगून टाकलं. करारात मंजुरी कार्यालयातच बसून द्यायची असं होतं, पण मॅडम चित्रीकरणात अडकलेल्या, साहेब घाईत. त्यांनी पाकीट फोडून चित्र पाहिलं, तसंच परत आत सरकवलं आणि चालकाहाती मॅडमच्या घरी धाडलं.

दार एका म्हाताऱ्याने उघडलं. इस्त्रीचा सदरा, नीट भांग, आणि चेहऱ्यावर पाहुणा आल्याचा खरा आनंद.

"मुलगी चित्रीकरणाला गेली आहे. मी तिचा बाप. या ना, बसा. पुस्तकाकडून आलात? वा!"

माणसांना प्रश्न विचारणं हे काम आपल्याला कधीच जमलं नाही, असं त्यांच्या मनात आलं. शेवटी त्यांनी पिशवीतून ते चित्र काढून टेबलावर ठेवलं.

म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि त्याचा सगळा चेहरा उजळला. मग नानांच्या चेहऱ्याकडे पाहून हळूहळू मावळला.

"काही चुकलं का हो?" त्याने विचारलं.

"तुम्ही हे कुणाला दाखवलं होतं?"

म्हाताऱ्याने चित्र अलगद आपल्याकडे ओढलं.

"मी टपालखात्यात होतो," म्हातारा म्हणाला. "उभा जन्म लोकांची पत्रं पोचवली. एकही उघडून बघितलं नाही. हेही पाकीट बंद असतं ना, तर मी हात लावला नसता, तुमच्या गळ्याची शपथ. पण ते उघडं होतं. टेबलावर ठेवताना आपोआप बाहेर आलं."

"आणि तुम्हाला कळलं की कॅप्टन परत येते."

"मला काय कळलं ते तुम्हाला नाही समजायचं." त्याने चष्मा काढला. "माझी पोर मेली हो त्या मालिकेत. आता तुम्ही म्हणाल, ती गोष्ट आहे. गोष्टच आहे. पण बागेतल्या बाकावर आम्ही चार म्हातारे बसतो. दुसऱ्या दिवशी गेलो तर एक म्हणतो, 'काय, काढलं का मुलीला?' दुसरा म्हणतो, 'वय झालं की नट्यांचं असंच असतं.' घरी येऊन पोरीला विचारलं, 'बाळा, काम सुटलं का गं?' तर ती म्हणते, 'बाबा, मला बोलता येत नाही.' नुसतं तेवढंच. मला वाटलं, दुःखाने बोलता येत नाही. मी तिच्या मागे आरशाशी जाऊन उभा राहायचो, तोंड उघडायचो, परत मिटायचो. करारात गप्प राहायचं असतं हे मला काय ठाऊक?"

"मग हे चित्र आलं."

"मग हे चित्र आलं. जिवंत! उभी! मागे सगळं जळतंय आणि ही उभी!" म्हाताऱ्याने टेबलावर थाप मारली. "मी बागेत घेऊन गेलो. म्हटलं, बघा रे, कोणाला काढलं? तिघांनीही हातात घेऊन बघितलं. एकाचा जावई वर्तमानपत्रात आहे, हे नंतर लक्षात आलं. आज सकाळी तो कावळा वाचला तेव्हापासून पाणी गेलं नाही घशाखाली."

नानांनी विचारलं, "तुमच्या मुलीने सही करताना हात चुकलाय हे पाहिलं नाही का?"

"रात्री थकून आली, उभ्याउभ्या सही केली. 'बरोबर आहे, बाबा,' म्हणाली. ती स्वतःला रोज बघते कुठे? रंगपटाच्या आरशात. तिथे तो हात असाच दिसत असणार." म्हातारा क्षणभर हसला आणि लगेच गंभीर झाला. "तिला काही ठाऊक नाही. तुम्ही वाहिनीत सांगाल, तर तिचं काम खरोखरच सुटेल. आणि नाही सांगितलंत, तर?"

"तर एका लेखिकेचं नाव जाईल. तिने काहीच केलेलं नाही."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. "मग सांगा," तो म्हणाला. "चोर सोडून संन्याशाला फाशी नको. पण असं सांगता आलं तर बघा, की मी एकट्याने केलं. पोरीला त्यात घेऊ नका."

नानांनी चित्र परत पिशवीत घातलं. बाहेर पडताना त्यांना वाटलं, कोडं सुटलं की हलकं वाटतं असं पुस्तकांत लिहितात. लिहिणाऱ्यांनी अशा घरातून कधी बाहेर पडून बघितलेलं नसणार.

६

मालकीणबाईंच्या खोलीत साहेब होते, मालकीणबाई होत्या, आणि नानांनी बोलावून घेतलेली लेखिका दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर बसली होती. शाळेत शिक्षा ऐकायला बसावं तशी.

नानांनी टेबलावर मुखपृष्ठाचा नमुना ठेवला, आणि शेजारी मंजुरीचं चित्र.

"माझं चुकत असेल तर सांगा," त्यांनी सुरुवात केली. "कावळ्याने दोन गोष्टी छापल्या. पाय अनवाणी आणि हात डावा. लेखिकेच्या कॅप्टनचा हात उजवा आहे. पटकथेत उजवा. चित्रीकरणात उजवा. मूळ चित्रात उजवा. लेखिकेने सांगितलं असतं तर ती स्वतःच्या गोष्टीतला हात चुकली नसती. मालकीणबाई, मी, चित्रकार, साहेब, आपण सगळ्यांनी वाचलंय. आपणही चुकलो नसतो."

साहेबांनी घसा साफ केला. त्यांनी वाचलं होतं की नाही, हे त्यांना त्या क्षणी कुणी विचारू नये असं वाटत होतं.

"हात डावा झाला तो इथे, चित्र उलटं केल्यावर. पण मुखपृष्ठावर पाय झाकले गेलेत. डावा हात आणि अनवाणी पाय, दोन्ही एकत्र दिसतील असा जगात एकच कागद आहे. हा. मंजुरीचा." नानांनी तो साहेबांपुढे सरकवला. "आमच्याकडून तो बंद पाकिटात तुमच्याकडे आला. तुमच्याकडून पुढे गेला."

"मॅडमकडे गेला," साहेब म्हणाले. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "म्हणजे मॅडमनी..."

"त्यांना हात कुठला ते माहीत आहे, साहेब. दिवसभर तो घालून उभ्या असतात. त्यांनी सांगितलं असतं तर सगळी गोष्ट सांगितली असती. कावळ्याकडे फक्त चित्रात दिसतं तेवढंच आहे. हे कुणीतरी नुसतं पाहिलं."

"मग कुणी? नाव सांगा ना!"

नाना गप्प बसले. गप्प बसणं त्यांना सगळ्यांत चांगलं जमायचं, पण आज ते भीतीचं नव्हतं.

"नाव मला ठाऊक आहे," ते शेवटी म्हणाले. "पण ते विचारलंत तर मला लिहून द्यावं लागेल. आणि लिहायचं तर सुरुवातीपासून लिहायला हवं. पाकीट कुणी फोडलं, उघडंच कुणी धाडलं, करारात कार्यालयात बसून मंजुरी घ्यायची असताना ते चालकाहाती कुणाच्या सांगण्यावरून गेलं. पहिल्या ओळीत ते येईल. पुढच्या माणसाचं नाव फार खाली."

साहेबांनी चित्र उचललं, खाली ठेवलं, परत उचललं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मालकीणबाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या.

"मला वर उत्तर द्यायचंय हो," साहेब म्हणाले, पण आता त्यांचा आवाज थकलेला होता. साहेबांमागचा माणूस पहिल्यांदाच दिसला. "माझीही नोकरीच आहे."

"मग खरं तेच सांगा," नाना हळू आवाजात म्हणाले. "मंजुरीचं चित्र वाटेत कुणाच्यातरी नजरेला पडलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आणि हेही सांगा, की कावळ्याचा हात चुकलाय. अर्धे लोक म्हणतील बातमी खरी, अर्धे म्हणतील खोटी. शेवटच्या भागाला सगळे हात बघायला बसतील."

साहेबांनी समोरचा चहा ओढला. तो गार होता, तरी प्यायले.

"आणि नाव?" मालकीणबाईंनी विचारलं.

"करारात आहे ना?" साहेब उठत म्हणाले. दारापाशी ते लेखिकेसमोर थांबले. माफी मागायची सवय नसलेल्या माणसाचं होतं तसं झालं. "ते अनवाणी... चांगलं होतं," ते म्हणाले आणि गेले.

मालकीणबाईंनी चित्रकाराला फोन लावला. उलटवलेलं चित्र तसंच ठेवायचं तर हात नव्याने रंगवावा लागणार होता, नाहीतर चित्र सुलट करायचं. पलीकडून इतका मोठा विजयाचा आरडाओरडा आला, की त्यांनी फोन कानापासून दूर धरला. "सुलट करा," त्या म्हणाल्या. "बघू दे तिला पाठीकडे."

लेखिका अजून खुर्चीच्या टोकावरच होती.

"कोण होतं ते, नाना?"

"मुलगी जिवंत आहे, एवढंच लोकांना सांगायचं होतं त्याला," नाना म्हणाले. "आणखी विचारू नका."

तिने विचारलं नाही. थोड्या वेळाने तिने फक्त मान हलवली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते स्वतःसाठी नव्हतं, असं नानांना वाटलं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मुखपृष्ठ लावणारा मिनिट खाली थांबला होता, छपाईवाले त्याच्या डोक्यावर बसले होते, आणि नावाची ओळ अजून रिकामी होती. नानांनी फोन लेखिकेच्या हातात दिला.

"बाई, कुठल्या आकारात टाकू?" मिनिटाने विचारलं.

तिने नानांकडे पाहिलं. 'जसं योग्य वाटेल तसं' हे शब्द नानांच्या अगदी ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

"बारीक टाका," ती म्हणाली. "खाली, कोपऱ्यात."

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज झाला.

"नाही, थांबा," ती म्हणाली, आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसली. "पुसा ते. रस्त्यावरून जाणाऱ्याला दुकानाच्या काचेतून वाचता येईल, एवढं टाका."